वहीत नसलेला पेडण्याचा डॉक्टर

माझी भाची गोमेकॉत दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेआधी अभ्यासाची सुट्टी पडली तशी ती डिचोलीला घरी आली. पॅथॉलॉजी, फार्माकोलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी असे तीन जाडजूड विषय. "मामा, तू फक्त विचारत जा, मी सांगते," म्हणत तिने वही माझ्या हातात दिली. मी आर्ट्सचा पदवीधर आणि नोकरीने सरकारी कारकून. मला त्यातले काय कळणार? पण फायली वाचायची सवय कामी आली.

पान निघाले ते कुष्ठरोगाचे.

"जंतू कोणी शोधला?"

"हॅन्सन. नॉर्वे, १८७३."

"प्रयोगशाळेत वाढतो?"

"कृत्रिम खाद्यावर नाही वाढत. उंदराच्या तळपायात वाढवतात. एकाचे दोन व्हायला बारा-तेरा दिवस लागतात."

"बोटे कशाने झडतात?"

"झडत नाहीत रे मामा! जंतू नसांत शिरतो आणि स्पर्श कळेनासा होतो. मग भाजले, कापले तरी पत्ता लागत नाही. जखमा चिघळून बोटे आखडतात, झिजतात."

"औषध?"

"डॅप्सोन, रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन. तिन्ही एकत्र देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली केली."

"आणि त्याच्या आधी?" हा प्रश्न वहीत नव्हता.

"चालमोगरा तेल. एका ओळीत लिहून टाकायचे, त्याला वेगळे मार्क नाहीत."

ही एक ओळ मला काही केल्या सोडवेना. कारण त्या ओळीमागे आपल्या पेडण्याचा एक माणूस उभा आहे.

डॉ. भाऊ दाजी लाड मूळ पेडणे महालातल्या मांद्रे गावचे. नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. लहानपणीच ते मुंबईला गेले. पणजीची वैद्यकीय शाळा १८४२ साली आणि मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले. ग्रँटच्या अगदी पहिल्या तुकडीत भाऊ दाजी होते आणि १८५१ साली ते पदवी घेऊन बाहेर पडले. विलायती वैद्यक शिकूनही त्यांनी संस्कृत ग्रंथ आणि आपल्याकडची झाडपाल्याची औषधे सोडली नाहीत. महारोग्याला घरादाराबाहेर काढण्याचा तो काळ. भाऊ दाजींनी अशा रोग्यांवर कडू कवठाच्या बियांच्या तेलाचे उपचार केले. चालमोगऱ्याच्या जातकुळीतले हे झाड आपल्या सह्याद्रीत ओढ्याकाठी वाढते.

मात्र हे औषध कोणते, हे भाऊ दाजींनी गुपित ठेवले. तिकडे कलकत्त्याला मोआट नावाच्या डॉक्टरने चालमोगऱ्याविषयी १८५४ सालीच छापून टाकले होते. साहजिकच पुस्तकांतून त्याचे नाव आले. हॅन्सनने आपला शोध १८७४ साली प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी मुंबईत भाऊ दाजी वारले.

त्यांना एकट्याला दोष कशाला द्यायचा? पेडणे-डिचोलीच्या गावांतून काविळीचे किंवा विंचवाचे गावठी औषध देणारी माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पाल्याचे नाव विचारले की म्हणतात, सांगितले तर गुण जातो. या माणसांपैकी बरीच जण पैसाही घेत नाहीत, त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण सांगितले नाही तर दुसरा कोणी ते पडताळणार कसे? खरे असेल ते टिकत नाही आणि खोटे असेल ते पकडले जात नाही. माणूस गेला की औषधही जाते.

चालमोगऱ्याचे तेल पुढे जगभर वापरले गेले. ते पोटात घेतले तर मळमळ होई आणि टोचले तर गाठी येत. हवाई बेटावरच्या ॲलिस बॉल या तरुणीने १९१५च्या सुमारास ते टोचण्याजोगे केले. पण ती १९१६ साली अवघ्या चोविसाव्या वर्षी वारली आणि तिच्या कामाचे श्रेय कितीतरी वर्षे दुसऱ्यालाच मिळाले. गुण किती येतो यावर डॉक्टरांचे एकमत कधीच झाले नाही. १९४१ साली अमेरिकेत सल्फोन औषधांचा वापर सुरू झाला आणि तेल मागे पडले. आपल्या गोव्यात बाणावलीचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. फ्रोयलानो द मेल्लो यांनी १९३४ साली माकाझन येथे कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळ उभारले. म्हणजे भाचीच्या वहीतल्या त्या एका पानाशी गोव्याची दोन गावे तरी जोडलेली आहेत, मांद्रे आणि माकाझन. वहीत मात्र दोन्ही नाहीत.

मुंबईला भायखळ्याच्या राणीच्या बागेत जुने व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आहे. १९७५ साली त्याला भाऊ दाजींचे नाव दिले. तिथे जाणाऱ्या गोंयकारांपैकी किती जणांना त्यांचे मांद्रे आठवत असेल?

हे सगळे मी भाचीला ऐकवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मामा, त्या तेलाने रोगी खरेच बरे होत होते का?"

मला हा प्रश्न फार आवडला. भाऊ दाजींनी आपले औषध नाव-प्रमाणासह लिहून ठेवले असते, तर हाच प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी त्यांना विचारला असता, आणि उत्तरही मिळाले असते.

असो. वही तिच्याकडे परत दिली आहे. अजून क्षयरोगाचे पान व्हायचे आहे.