टोल्याचा आवाज

आज मी गोष्ट सांगणार आहे एका आवाजाची, गोल्फच्या टोल्याच्या.

स्कॉटलंडमध्ये पूर्वी चामड्याच्या खोळीत उकडलेली पिसं ठासून चेंडू शिवत. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा, म्हणजे मलायातल्या झाडांच्या चिकाचा, स्वस्त आणि कडक चेंडू आला. टोला काठीच्या मधोमध बसला तर खणखणीत आवाज. जरा चुकला की आवाज बद्द आणि हातांना झिणझिण्या. चेंडूच खेळाडूची शिकवणी घ्यायचा.

१८९८ साली अमेरिकेत कोबर्न हॅस्केल यांनी ताणलेला रबरी धागा गुंडाळून चेंडू केला. तो टोल्याखाली जास्त दबायचा, उसळून लांब जायचा आणि चुका पोटात घालायचा. १९०२ मध्ये होयलेकच्या ओपन स्पर्धेत सँडी हर्ड तो चेंडू घेऊन खेळले, हॅरी व्हार्डन जुन्या गटापर्चाने. हर्ड एका फटक्याने जिंकले आणि गटापर्चाचे दिवस भरले.

मला वाटतं, तेव्हा अंतर मिळालं, पण शिकवणी सैल झाली. आज टायटॅनियमची पोकळ काठी दणदणीत वाजते, पण तो आवाज बराचसा काठीच्याच थरथरण्याचा असतो. चेंडू किती दबला, हे ठरतं काठीचा वेग किती आणि ती चेंडूला नेमकी कुठे लागली, यावर. ही भेट सेकंदाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागाची. आवाज कानी पडेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. म्हणून नुसत्या दणक्यावर भुलू नका. आपल्याच दोन टोल्यांचे आवाज ताडून बघा.