सामायिक कोडची व्यवस्था : छिद्रित फितींपासून मोड्यूलपर्यंत

एकदा लिहिलेला कोड अनेक प्रोग्रामांत वापरण्याची रीत वेबच्या चार दशके आधीची आहे. केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली बांधलेल्या एडसॅक या संगणकावर ६ मे १९४९ रोजी पहिला प्रोग्राम चालला. वर्गमूळ काढणे, आकडे छापणे अशी कामे प्रत्येक प्रोग्रामात येत असल्याने त्यांच्या आज्ञांचे गट, म्हणजे सबरूटीन, छिद्रित कागदी फितींवर उतरवून पोलादी कपाटात ठेवले गेले आणि त्रिकोणमितीला टी, लघुगणकाला एल अशा अक्षरांनी त्यांचे वर्गीकरण झाले. सबरूटीन स्मृतीत कोठेही भरले तरी त्यातील पत्ते जुळावेत आणि काम संपताच प्रोग्राम मूळ जागी परतावा, यासाठीची युक्ती डेव्हिड व्हीलर यांनी शोधली. विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांच्या १९५१ च्या पुस्तकात या सबरूटीनांचे वर्णनही छापले गेले, कारण वापरण्याचे नियम माहीत नसलेली फीत दुसऱ्याच्या उपयोगाची नव्हती.

वेबवर सामायिक कोडचा हाच प्रश्न १९९३ मध्ये सीजीआय या पद्धतीबरोबर नव्याने उभा राहिला. या पद्धतीत वाचकाने भरलेला फॉर्म सर्व्हरवरील स्क्रिप्टकडे सांकेतिक रूपात येतो. त्यात रिकाम्या जागेऐवजी अधिकचे चिन्ह असते आणि विशेष चिन्हांच्या जागी टक्केचिन्हापुढे दोन अंक किंवा अक्षरे असतात. हा संकेत उलगडणाऱ्या ओळी एका स्क्रिप्टमधून दुसरीत उतरवून घेतल्या जात, आणि त्यातील चूक एका ठिकाणी सुधारली तरी इतर प्रतींत तशीच राहत असे. म्हणून पर्ल भाषेत लिहिणाऱ्यांनी असा कोड स्वतंत्र फाइलीत ठेवून 'रिक्वायर' या आज्ञेने आणण्यास सुरुवात केली. फाइल यशस्वीपणे भरली गेली हे कळण्यासाठी तिने शेवटी सत्य मूल्य परत करणे आवश्यक असल्याने अशा फाइलींच्या अखेरीस एक हा आकडा आणि अर्धविराम एवढीच ओळ दिसते. ऑक्टोबर १९९४ मधील पर्लच्या पाचव्या आवृत्तीने मोड्यूल, म्हणजे स्वतःचे नामक्षेत्र असलेली फाइल, रूढ केली. त्यामुळे दोन फाइलींतील एकाच नावाची फंक्शने परस्परांवर कुरघोडी करीनाशी झाली. पुढच्याच वर्षी सीपॅन हे मोड्यूलांचे सार्वजनिक भांडार खुले झाले. लिंकन स्टाइन यांचे फॉर्म हाताळणारे मोड्यूल तर १९९७ मध्ये पर्लबरोबरच दिले जाऊ लागले.

सर्व्हरवरच चालणाऱ्या पीएचपी भाषेत सामायिक फाइल कोठे ठेवायची, हा प्रश्न तीव्र होता. सामायिक फाइलींना 'डॉट इंक' असे शेपूट लावून त्या संकेतस्थळाच्याच फोल्डरात ठेवण्याची सवय होती. सर्व्हरला ते शेपूट ओळखीचे नसल्यास, फाइलीचा पत्ता टाइप करणाऱ्या कोणालाही डेटाबेसच्या पासवर्डसह सारा मजकूर वाचता येई. त्यामुळे अशा फाइली सार्वजनिक फोल्डराबाहेर ठेवण्याचा दंडक पडला.

ब्राउझरमधील जावास्क्रिप्टला मात्र मोड्यूलच नव्हते. पानावरील सर्व स्क्रिप्ट एकाच जागतिक नामक्षेत्रात भरल्या जात आणि त्यांचा क्रम चुकला की पान बिघडे. प्रोटोटाइप आणि २००६ मध्ये आलेली जेक्वेरी या दोन लायब्ऱ्या डॉलरचिन्हावर एकाच वेळी हक्क सांगत, म्हणून जेक्वेरीला ते चिन्ह सोडून देण्याची सोय पुरवावी लागली. २००९ मधील कॉमनजेएस या संकेताने सर्व्हरवरील जावास्क्रिप्टला मोड्यूल दिले, २०१० मध्ये एनपीएम हे भांडार आले, आणि भाषेच्या प्रमाणित व्याख्येत मोड्यूलांचा समावेश २०१५ मध्ये झाला.

नावांचा गोंधळ मिटला, तोच मालकीचा प्रश्न पुढे आला. मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने एनपीएमवरील आपली पॅकेजे काढून घेतली. त्यांतील 'लेफ्ट-पॅड' हे अवघ्या अकरा ओळींचे, मजकुराच्या डावीकडे जागा भरणारे पॅकेज असंख्य प्रकल्पांच्या मुळाशी असल्याने त्यांची बांधणी ठिकठिकाणी अडली. त्यानंतर प्रकाशित होऊन २४ तास उलटलेले पॅकेज लेखकाला परस्पर मागे घेता येणार नाही, असा नियम एनपीएमने केला. कोडचा लेखक तोच राहिला. पण इतरांनी आपले काम ज्यावर उभे केले, ते काढून घेण्याचा त्याचा अधिकार भांडाराने मर्यादित केला.