दोन शक्तींची गाडी: यवतमाळचा कापूस आणि वाहन विकत घेणाऱ्याची जोखीम

घरच्या विजेवर बॅटरी भरायची आणि ती संपली की पेट्रोलवर पुढे जायचे, अशी सोय ज्या गाडीत असते तिला प्लग-इन हायब्रिड म्हणतात. चीनच्या बीवायडी कंपनीने मे २०२४ मध्ये मेक्सिकोत या पद्धतीचा पिकअप बाजारात आणला. भारतात माल वाहणारा असा पिकअप अद्याप आलेला नाही. यवतमाळच्या एखाद्या मालवाहतूकदाराने शोरूममध्ये जाऊन तो मागितला, तर विक्रेता डिझेलवरची किंवा निव्वळ विजेवरची गाडी पुढे करील. मात्र त्या मागणीमागचा प्रश्न या जिल्ह्याला मुळीच नवा नाही. जुनी शक्ती सोडून नवी घ्यावी, की काही काळ दोन्ही हाताशी ठेवाव्यात? कापूस वाहून नेणाऱ्या माणसाला येथे गेली दीडशे वर्षे हे ठरवावे लागले आहे, आणि चुकीच्या वेळी केलेली खरेदी त्याला महागात पडली आहे.

पहिला आघात बंजाऱ्यांच्या लदेणीवर झाला. रेल्वेपूर्वीच्या वऱ्हाडात लांब पल्ल्याचा माल मुख्यतः बैलांच्या पाठीवरून जाई. गाडी चालेल असे रस्ते थोडे होते. पाठीवर गोणी लादलेला बैल मात्र पायवाटेने, नाल्याने, घाटाने कुठूनही जाऊ शके. वऱ्हाडचा कापूस अशा तांड्यांनी थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत पोहोचवला. तांड्याची सारी पुंजी चार पायांवर उभी होती. बैल हेच वाहन, बैल हेच भांडवल आणि अडचणीत विकायची ठेवही तीच.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व भाव आला. लदेणीसाठी बैल वाढवावेत असे वाटण्यासारखाच तो काळ होता. पण त्याच दशकात ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ पूर्वेकडे सरकत होते आणि १८६७ मध्ये ते नागपूरला पोहोचले. मुंबईचा मार्ग खुला झाला आणि मिर्झापूरची वाट ओस पडू लागली. ज्याने तेजीच्या वर्षांत कळप वाढवला होता, त्याच्या हाती काही वर्षांतच काम नसलेली जनावरे उरली. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांतले तांडे पुढे शेतीत स्थिरावले. १ जुलै १९१३ रोजी पुसद तालुक्यातील गहुली येथे अशाच एका बंजारा कुटुंबात वसंतराव नाईकांचा जन्म झाला. कापूस वाहण्याचा कधीकाळचा हक्क गमावलेल्या समाजातला हा मुलगा पुढे साऱ्या राज्याच्या कापसाचे धोरण ठरवणार होता. त्याकडे पुढे येऊ.

रेल्वेने बैल संपवला, असे सरधोपट विधान पुष्कळदा वाचायला मिळते. ते अर्धेच खरे आहे. रेल्वेने पाठीवर ओझे वाहणारा बैल संपवला आणि जुवाखालचा बैल वाढवला. मुंबई-नागपूर मार्ग यवतमाळच्या उत्तरेकडून गेला. जिल्ह्याच्या मोठ्या भागाला जवळचे स्टेशन होते धामणगाव, म्हणजे यवतमाळहून पंचेचाळीसेक किलोमीटरवर. शेतातून जिनिंगपर्यंत आणि तिथून स्टेशनापर्यंत कापूस नेणार कोण? बंडी. आगगाडी जितकी जास्त गाठी नेई, तितक्या जास्त बंड्या लागत. याचा अर्थ असा की १८६७ साली बैल विकत घेणे हीच चूक नव्हती. बैलाला कोणत्या कामाला जुंपायचे, ते ओळखण्यात चूक झाली तर माणूस बुडत होता.

या बंडीचे एक वैशिष्ट्य आजच्या चर्चेत हरवून गेले आहे. एक क्विंटल कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते. उरलेला बहुतेक भाग सरकी. ती सरकी आणि पुढे तिची ढेप बैलाच्या गव्हाणीत जाई, जोडीला ज्वारीचा कडबा आणि तुरीचे कुटार. गाडीत जो माल भरलेला असे, त्याच मालाचा एक हिस्सा गाडी ओढणाऱ्याचे इंधन होता. इंधनाचे पैसे गावाबाहेर जात नसत. बैलाच्या खरेदीतही घेणाऱ्याला काही ज्ञान असे. तो दात पाही: दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला, यावरून किती वर्षांचे काम शिल्लक आहे याचा अंदाज बांधला जाई. चाल पाही, खूर पाही, खांदा चाचपून पाही. फसवणूक होई, नाही असे नाही. पण फसवणूक कुठे होऊ शकते हे तरी घेणाऱ्याला ठाऊक असे.

१९०५ मध्ये वणी जिल्ह्याचे नाव बदलून यवतमाळ झाले. त्यानंतरच्या काळात मूर्तिजापूर-यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा अरुंद मार्ग वाहतुकीला आला. हीच पुढे लाडाने ‘शकुंतला’ म्हणून ओळखली गेलेली गाडी. तिच्यावर इतके लिहिले गेले आहे की येथे दोनच गोष्टी पुरेत. किलिक-निक्सनच्या व्यवस्थापनाखालील हा मार्ग देशातील रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणानंतरही खासगी मालकीचा राहिला. आणि १९२१ मध्ये मँचेस्टरला घडवलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत कामावर होते. जुनी शक्ती टिकते ती नेहमी प्रेमापोटी नव्हे. बदलण्याचा खर्च कोणी करायचा हे ठरत नाही, म्हणूनही टिकते.

मोटार आली ती मात्र व्यक्तीच्या पैशाने आली. रेल्वेचे इंजिन कंपनी विकत घेई. मोटार-ट्रक एखादा व्यापारी, जिनवाला किंवा धाडसी चालक स्वतः घेई. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मालमोटारींना परवान्याच्या चौकटीत बसवले. पाठोपाठ दुसरे महायुद्ध आले, पेट्रोलवर नियंत्रण आले, आणि मध्य प्रांत-वऱ्हाडच्या रस्त्यांवर एक विलक्षण वाहन दिसू लागले. हायब्रिड गाडीचा येथला खरा पूर्वज कोणता, असे कोणी विचारले तर बोट याच वाहनाकडे दाखवावे लागेल.

गाडीच्या मागे किंवा बाजूला उभे लोखंडी पिंप बसवलेले असे. त्यात लोणारी कोळसा पेटवायचा, पण हवा मुद्दाम अपुरी द्यायची. कोळसा पूर्ण न जळता त्यातून कार्बन मोनॉक्साइडयुक्त गॅस निघे. तो थंड करून, गाळून इंजिनात सोडला की गाडी चाले. सुरुवात मात्र थोड्या पेट्रोलवर करावी लागे. इंजिन तापले, गॅस धरू लागला की चालक कळ फिरवून पेट्रोल बंद करी. म्हणजे एकच इंजिन, दोन इंधने. एक परदेशातून जहाजाने येणारे आणि शिधापत्रिकेवर मिळणारे. दुसरे जवळच्या जंगलातून.

त्याची किंमतही होती. गॅसवर इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहून अधिक घटते. यवतमाळ शहर पठारावर आहे. खालच्या मैदानातून भरलेली गाडी वर चढवताना ही घट चालकाला चांगलीच जाणवणार. राख काढा, गाळण्या धुवा, भट्टी पेटायला अर्धा तास थांबा. शिवाय तो गॅस विषारी. बंद जागेत गाडी चालू ठेवणे जिवावर बेतू शके. तरीही हे यंत्र विकत घेतले गेले, कारण ते नसेल तर गाडी उभी राही, आणि उभ्या गाडीचे कर्ज चालूच राही. युद्ध संपून पेट्रोल मोकळे होत गेले तशा भट्ट्या भंगारात गेल्या. दोन शक्ती बाळगणारा माणूस टंचाईत तरला, सुबत्तेत मात्र त्याने एका निरुपयोगी पिंपाचे पैसे भरलेले होते.

स्वातंत्र्यानंतरचा ट्रकचा विस्तार परिचित आहे. १९५४ पासून टेल्कोचे डिझेल ट्रक जमशेदपूरला बनू लागले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत यवतमाळ मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आले. जुलै १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि छोट्या वाहतूकदाराला प्राधान्य क्षेत्रातील कर्जाचे दार उघडले. ही शेवटची घटना सर्वांत मोलाची. सावकाराच्या ओळखीशिवाय वाहन घेता येणे हा सामाजिक बदल होता.

आणि तरीही बंडी हटली नाही. कारण समजण्यासाठी १९७२ कडे जावे लागते. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली. शेतकऱ्याने कापूस सरकारी केंद्रावरच द्यायचा, खासगी व्यापाऱ्याला नाही. हेतू व्यापाऱ्याच्या पिळवणुकीतून सुटका हा होता. प्रत्यक्षात हंगामात केंद्रांबाहेर बंड्यांच्या लांबच लांब रांगा लागू लागल्या. मुक्काम पडू लागले, बंडीखाली अंथरुणे पडली, तीन दगडांच्या चुली पेटल्या. अशा रांगेत ट्रकची गती कवडीमोलाची ठरते. ट्रक उभा राहिला की भाडे चढते, चालकाचा भत्ता चढतो. बैल उभा राहिला तर कडबा खातो, आणि कडबा घरचा असतो. रांगेत थांबण्यासाठी बंडी हे सर्वांत स्वस्त वाहन होते. वेगवान वाहन कधी घ्यावे याचे उत्तर त्याच्या यंत्रापेक्षा बाजाराच्या रचनेत अधिक दडलेले असते, हे त्या रांगांनी दाखवून दिले. पैनगंगेपलीकडे आंध्रात भाव चढा असला की रात्री नदी ओलांडणाऱ्या कापसाच्या गाड्यांचे गणित मात्र निराळे होते. तिथे वेगालाच मोल होते.

एकाधिकार ओसरला आणि बाजाराची रचना उलटली. २००५ मध्ये टाटा एस आली. लोकांनी तिचे ‘छोटा हत्ती’ असे बारसे केले. तिच्या मागेपुढे महिंद्राचे पिकअप गावोगाव पोहोचले. खेडा खरेदीचा व्यापारी आता काटा घेऊन शेतकऱ्याच्या दारात येऊ लागला. पूर्वी शेतकरी बंडी घेऊन बाजाराकडे जाई. आता बाजार पिकअप घेऊन त्याच्याकडे येतो, आणि दारात आलेला बाजार बहुधा आपलाच भाव आणि आपलाच काटा घेऊन येतो. म्हणूनच गावातल्या दोन-चार तरुणांनी स्वतःचा पिकअप घेणे ही केवळ रोजगाराची बाब नाही. त्या गाडीमुळे वणीचा भाव पटला नाही तर पांढरकवड्याला किंवा हिंगणघाटला माल नेण्याचा पर्याय गावाला मिळतो. मात्र गाडीचा हप्ता दर महिन्याला येतो आणि कापूस वर्षातून चार-पाच महिने. कोरड्या वर्षात भाडी आटतात. हप्ता आटत नाही.

अशा घरासाठी विजेचा पिकअप कितपत योग्य? येथे कापसाचा स्वभाव मदतीला येतो. सुटा कापूस हलका आणि फुगीर असतो. गाडी वजनाने भरण्याआधी आकाराने भरते. म्हणजे बॅटरीच्या वजनाची अडचण जाताना फारशी भासत नाही. परतताना खताच्या गोण्या किंवा सिमेंट भरले की भासते. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या टाटा एसच्या विद्युत आवृत्तीचा प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर होता. यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे. कागदावर पोहोचता येते. उन्हाळ्यात, भरलेल्या गाडीने, परतीचा विचार मनात ठेवून निघणारा चालक त्या कागदावर विसंबणार नाही. प्लग-इन हायब्रिडचा मोह नेमका इथे आहे: गाव ते बाजार समिती विजेवर, नागपूर पेट्रोलवर.

कल्पना जुनीच. फर्डिनांड पोर्शे या तरुण अभियंत्याने १९०० च्या सुमारास व्हिएन्नाच्या लोह्नर कारखान्यात पेट्रोल इंजिन आणि विजेच्या मोटारी एकाच गाडीत बसवल्या होत्या. ती मागे पडली ती बिघाडापेक्षा खर्चामुळे: एका गाडीच्या कामासाठी दोन यंत्रे विकत घ्यायची, दोन्ही सांभाळायची. हा आक्षेप आजही तसाच उभा आहे. त्यात कराची भर पडली. १ ऑगस्ट २०१९ पासून निव्वळ विजेच्या वाहनांवरचा वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवर आला. हायब्रिड त्या सवलतीबाहेर राहिली. शिवाय जुनी गाडी घेताना बैलाचे दात पाहण्यासारखी सोपी खूण बॅटरीला नाही. तिचे उरलेले आयुष्य यंत्र लावून मोजावे लागते, आणि ते यंत्र विकणाऱ्याकडे असते, घेणाऱ्याकडे नसते.

वीज आली तरी इंधन कुठून येते हा प्रश्न सुटत नाही, फक्त दृष्टीआड जातो. जिल्ह्याच्या पूर्वेला वणी परिसरात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आहेत आणि शेजारच्या चंद्रपुरात महाराष्ट्रातले एक मोठे औष्णिक वीजकेंद्र. युद्धकाळात मोटारीच्या मागच्या पिंपात कोळसा जळत होता. आता तो दूरच्या बॉयलरमध्ये जळेल आणि तारेतून गोठ्याशेजारच्या खोलीत येईल. ज्या घराच्या छतावर सौर पट्ट्या बसल्या आहेत आणि ज्याची गाडी दिवसा दारात उभी असते, तेथे मात्र सरकी खाणाऱ्या बैलाच्या काळानंतर प्रथमच वाहनाचे खाद्य पुन्हा घरी पिकेल.

दरम्यान रूळ पुन्हा सरकू लागले आहेत. वर्धा-यवतमाळ-नांदेड या ब्रॉडगेज मार्गाच्या वर्धा ते कळंब टप्प्याचे २८ फेब्रुवारी २०२४ रोजी उद्घाटन झाले. कळंब यवतमाळहून वीस-बावीस किलोमीटरवर आहे. पुढे मालधक्का यवतमाळच्या वेशीवर आला आणि गाठी व खते तिथूनच जाऊ-येऊ लागली, तर पिकअपची नागपूरची फेरी उरणार नाही. उरेल ती गाव ते धक्का, अगदी धामणगावच्या बंडीसारखी. तेवढ्या अंतराला बॅटरी एकटी पुरते. तेव्हा आज दुसऱ्या इंजिनाचे जादा पैसे मोजायला निघालेल्या माणसाने गाडीच्या माहितीपत्रकाबरोबर रेल्वेच्या कामाची प्रगतीही विचारून घेतलेली बरी. १८६७ मध्ये तांड्याच्या नायकाला ती कोणी सांगितली नव्हती.