नळाची निगा : साष्टीच्या पाण्याचा एक इतिहास

नगरांचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टि स्वभावतःच बांधणाऱ्यांकडे वळते. धरण कोणीं बांधलें, तलाव कोणत्या सालीं पुरा झाला, नळाचें पाणी प्रथम कोणाच्या हस्तें सोडण्यांत आलें, या गोष्टी दगडावर कोरल्या जातात आणि पुढें ग्रंथांत उतरतात. परंतु नळाचा सांधा दहाव्या वर्षीं कोणीं आवळला आणि हौदांतील गाळ दर उन्हाळ्यांत कोणीं उपसला, याची नोंद क्वचितच आढळते. वास्तविक पाण्याच्या बाबतींत बांधणें हें एका पिढीचें काम असून राखणें हें सर्व पिढ्यांचें काम आहे. मुंबईच्या उपनगरांचा, त्यांतही जुहूसारख्या समुद्रकांठच्या वस्तीचा, पाण्याचा इतिहास या दुसऱ्या दृष्टीनें वाचून पाहावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तोटी, टाकी आणि मोरी हे विषय कोणास क्षुल्लक वाटतील. परंतु नगराचें सगळें पाणी शेवटीं ज्या वाटेनें माणसापर्यंत पोंचतें, ती वाट हीच होय.

साष्टी बेटांत पाण्याची व्यवस्था किती जुनी आहे, हें पाहावयाचें तर बोरिवलीजवळील कान्हेरीच्या डोंगरावर जावें. तेथें शंभराहून अधिक लेणीं आहेत, आणि त्यांपैकीं पुष्कळांच्या दाराशीं खडकांत खोदलेलें पाण्याचें टाकें आहे. वरच्या कातळावर पडणारें पावसाचें पाणी कोरलेल्या पन्हळींनीं वळवून त्यांत आणलेलें आहे. शिलालेखांत या टाक्यास ‘पोढी’ असें नांव आहे. लेणें व पोढी दान करणाऱ्यांपैकीं कित्येकांनीं त्याबरोबर ‘अक्षयनीवी’ही ठेवली, म्हणजे मूळ द्रव्यास हात न लावतां त्याच्या उत्पन्नांतून संघाचा नित्य खर्च चालावा, अशी कायमची ठेव करून दिली. वस्तु देणें निराळें आणि ती चालत राहील अशी तजवीज करणें निराळें, हा भेद त्या व्यापाऱ्यांस व गृहस्थांस स्पष्ट कळत होता. आमच्या मतें कान्हेरीच्या शिल्पाइतकाच हा विवेकही स्मरणीय आहे.

इतर देशांचा व प्रांतांचा इतिहासही हेंच सांगतो. रोमच्या उंच कमानींचे पाणमार्ग जगप्रसिद्ध आहेत. परंतु इसवी सन ९७ मध्यें त्या पाण्याचा अधिकारी नेमलेल्या फ्राँटिनस यानें जो ग्रंथ लिहिला, त्यांत बांधणीच्या गौरवापेक्षां गळती, चोरटीं भोकें आणि दुरुस्ती यांचाच विचार अधिक आहे. त्याच्या हाताखालीं निगेसाठींच सातशें गुलाम होते. आमच्याकडे पुण्यास अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजचें पाणी जमिनीखालून बांधीव नळानें शहरांत आणलें, तेव्हां वाटेंत जागोजागीं ‘उच्छ्वास’ ठेवले. कोंडलेली हवा बाहेर जावी आणि नळाच्या पोटांत डोकावतां यावें, अशी ती योजना होती. जो कारागीर आपल्या कामास दार ठेवतो, त्यास तें काम कधीं तरी बिघडणार हें ठाऊक असतें. आजच्या घरांत नळ भिंतींत पुरून वर चकचकीत फरशी बसविणाऱ्यांनीं हा धडा अवश्य घ्यावा.

आतां जुहूकडे वळूं. जुहू हें मूळचें साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यालगतचें वाळूचें अरुंद बेट. ओहोटीच्या वेळीं मधली खाडी ओलांडून पलीकडे जातां येत असे. कोळी, भंडारी इत्यादि लोकांची तेथें वस्ती होती आणि पाणी विहिरींचें होतें. समुद्रकांठच्या वाळूंत गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडें पाणी असलें, तर खालीं सुमारें चाळीस फूट गोडें पाणी असतें, हा नियम हॉलंडच्या गायबेन यानें १८८८च्या सुमारास आणि जर्मनीच्या हर्झबर्ग यानें १९०१ मध्यें मांडला. याचा अर्थ असा, कीं विहिरींतून हावरेपणानें उपसा केला तर खालचें खारें पाणी वर चढतें आणि विहीर बिघडते. कोकणपट्टीच्या कुणबिणीस हा नियम पुस्तकांतून शिकावा लागला नाहीं. उन्हाळ्यांत विहीर उपसून गाळ काढावा, कांठ नीट करावा, आणि पाणी बेतानें काढावें, ही तिची रीत होती. विहिरीचें पाणी डोळ्यांसमोर असे. तें गढूळ झालें तर सर्वांस दिसे, आणि म्हणूनच त्याची काळजीही सर्वांची असे. अर्थात् ‘सर्वांची’ हा शब्द आम्ही जपून वापरतों. विहिरीवर कोणी चढावें व कोणी दूर उभें राहावें याचे निर्दय नियम त्याच गांवांत होते, हें विसरतां येत नाहीं.

१८५४च्या सुमारास मुंबई शहर पाण्यावांचून व्याकुळ झालें, तेव्हां हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरच्या योजनेप्रमाणें साष्टींत मिठी नदीवर विहार तलाव बांधण्यांत आला. तो १८६० मध्यें पुरा झाला. पुढें १८७९ मध्यें तुळशी व १८९२ मध्यें तानसा आले. साष्टीचें पाणी अशा रीतीनें मुंबईस गेलें. साष्टींतील बहुतेक गांवें मात्र पुढें कित्येक वर्षें विहिरींवरच राहिलीं. शहरांत नळ आला, पण मनांत तो लवकर शिरला नाहीं. तोटींत चामड्याचा वायसर असतो, सबब सोंवळ्याचें पाणी विहिरीचेंच हवें, असा आग्रह अनेक घरांत होता. इंग्लंडांत रॉदरॅम येथील क्राइम्स यानें १८४५ मध्यें पेंच फिरवून बंद होणाऱ्या तोटीचें पेटंट घेतलें, तेव्हांपासून वायसर हा तिचा प्राण आहे. गंमत अशी, कीं हा वायसर कशाचा आहे यावर आमच्या लोकांनीं मोठा वाद घातला. पण तो झिजतो आणि वेळच्यावेळीं बदलावा लागतो, याचा विचार फारसा कोणी केला नाहीं. चामडें गेलें, रबर आलें, सोंवळें सुटलें. परंतु गळणारी तोटी जशीच्या तशी राहिली.

विहिरींवर दुसरा घाला हिंवतापानें घातला. १९११ मध्यें डॉक्टर बेंटली यांनीं मुंबईच्या हिंवतापाची चौकशी करून, शहरांतील विहिरी व उघड्या टाक्या हेंच रोग पसरविणाऱ्या डांसांचें घर आहे, असें दाखविलें. त्यानंतर पुष्कळ विहिरी झांकण्यांत किंवा बुजविण्यांत आल्या. परंतु तो डांस विहिरीबरोबर गेला नाहीं. तो गच्चीवरच्या टाकीचें झांकण उघडें सांपडतांच तेथें जाऊन राहिला.

१९५० सालच्या एप्रिलांत जुहू, अंधेरी इत्यादि उपनगरें बृहन्मुंबईंत सामील झालीं. मोडकसागर १९५७ मध्यें झाला. मग वरची वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्यें मध्य वैतरणा. आज शंभर किलोमीटरांच्या आसपासचें पाणी जुहूच्या घरांत येतें. पण तें अहोरात्र येत नाहीं, नेमलेल्या तासांपुरतें येतें. म्हणून इमारतीच्या तळाशीं एक टाकी, गच्चीवर दुसरी, आणि मध्यें पंप, असा थाट प्रत्येक घरास करावा लागला. ज्या जबाबदारीपासून नळानें आपणांस मुक्त केलें असें वाटलें होतें, ती दुप्पट होऊन परत आली. भेद एवढाच, कीं विहीर दिसत होती आणि टाकी दिसत नाहीं.

या ठिकाणीं एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. नळाला पाणी असतें तोंवर त्याच्या दाबामुळें गळक्या सांध्यांतून पाणी बाहेर जातें. पाणी बंद झालें म्हणजे नळांत पोकळी उत्पन्न होऊन तोच सांधा बाहेरचें पाणी आंत ओढतो. शेजारीं गटार असेल तर तें पाणी गटाराचें असतें. विषमज्वर आणि कावीळ यांस घरांत येण्यास याहून सोयीची वाट नाहीं. सारांश, गळती हा पैशाचाच प्रश्न नव्हे, तो जिवाचाही प्रश्न आहे. पैशाचा हिशेब मांडला तरी तो लहान नाहीं. सेकंदास एक थेंब गळणारी तोटी, थेंब पाव मिलिलिटरचा धरला, तर दिवसास एकवीस लिटरांहून अधिक आणि वर्षास आठ हजार लिटरांच्या घरांत पाणी घालविते.

जुहूस यांत समुद्राची भर पडते. खारा वारा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी नळांसही खातो. प्रथम आटे असलेला सांधा गंजतो, कारण आटे पाडतांना मुलामा कापला गेलेला असतो. म्हणून उघड्यावरचे नळ गंज दिसण्यापूर्वींच रंगवावे. तोटींचे वायसर वर्षाकाठीं पाहावे. तोटी जोर लावून बंद करावी लागूं लागली, कीं वायसर संपला असें समजावें. घराची मुख्य चावी वर्षांतून दोनदां पुरी बंद करून उघडावी. न फिरविलेली चावी जाम होते, आणि नळ फुटतो त्याच रात्रीं ती फिरत नाहीं. पावसाळ्यापूर्वीं व नंतर दोन्ही टाक्या रिकाम्या करून घासाव्या; झांकण घट्ट असावें, वाहून जाणाऱ्या नळीच्या तोंडाशीं जाळी असावी, आणि तरंगत्या गोळ्याची चावी वेळेवर बंद होते कीं नाहीं हें पाहावें. रात्रीं सर्व तोट्या बंद असतां मीटरचा कांटा फिरत असेल, तर कोठें तरी गळती आहे हें निश्चित. मृगापूर्वीं गच्चीवरील पन्हळी मोकळ्या कराव्या. आणि तळणीचें तेल मोरींत ओतूं नये. तें थंड होऊन नळास आंतून लिंपतें, व त्यावर भात, केस व साबण चिकटत जातात.

ही शेवटची सूचना केवळ टापटिपीची नाहीं. घराची मोरी तुंबली म्हणजे गृहस्थ मिस्त्रीस बोलावतो; पण इमारतीचें गटार तुंबलें, म्हणजे आजवर कोणा तरी माणसासच त्यांत उतरविण्यांत आलें आहे, आणि तो माणूस कोणत्या जातीचा असावयाचा हें ठरलेलें असे. असें काम माणसाकडून करून घेण्यास १९९३ व २०१३ च्या कायद्यांनीं मनाई केली, तरी विषारी वायूनें गुदमरून माणसें मेल्याच्या वार्ता थांबलेल्या नाहींत. वरच्या मजल्यावर जी बेपर्वाई एका जाळीची असते, ती तळाशीं पोंचतां पोंचतां दुसऱ्याच्या प्राणावर बेतते.

यावर कोणी म्हणेल, कीं हें सर्व खरें, पण खर्च कोणीं करावा? उत्तर कायद्यानें देऊन ठेवलें आहे. गांवदेवीस १९१५ मध्यें सारस्वत मंडळींनीं स्थापिलेल्या संस्थेपासून सहकारी गृहसंस्थांची जी परंपरा मुंबईंत वाढली, तिच्या आजच्या नमुना उपविधींत बांधकामखर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के दुरुस्ती व देखभाल निधीसाठीं, आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठीं, सभासदांकडून घ्यावे असें सांगितलें आहे. कान्हेरीच्या अक्षयनीवीचेंच हें आधुनिक रूप होय. दुर्दैव एवढेंच, कीं वार्षिक सभेंत प्रवेशद्वारास नवा संगमरवर लावण्याचा ठराव टाळ्यांच्या गजरांत मंजूर होतो, आणि गच्चीवरचा नळ बदलण्याचा ठराव पुढील वर्षावर जातो. संगमरवरावर नांव कोरतां येतें. नळावर येत नाहीं.

पालिकेनें धरणें बांधावीं, मोठे नळ राखावे, आणि त्यांत ती चुकली तर तिला जाब विचारावा, हा नागरिकांचा हक्क आम्हांस पूर्ण मान्य आहे. परंतु शंभर किलोमीटर पाणी आणून देणाऱ्यास जाब विचारणारानें आपल्या दारापासून तोटीपर्यंतच्या शंभर हातांचाही जाब स्वतःस विचारला पाहिजे. कान्हेरीचीं टाकीं आज दोन हजार वर्षांच्या आसपास पावसाचें पाणी सांठवीत आहेत, कारण तीं दगडाचीं आहेत. आपले नळ दगडाचे नाहींत. त्यांचें आयुष्य आपल्या लक्षाएवढेंच असणार.