प्रस्तावना : अद्भुताचा पहिला वाचक

ऑक्टोबर १९३६. दहा वर्षांच्या रेनर अन्विनने एक टंकलिखित वाचून वडिलांना अभिप्राय लिहून दिला. वडील लंडनचे प्रकाशक. मुलांच्या पुस्तकाची पारख मुलांनीच करावी, असे त्यांचे मत. मेहनताना एक शिलिंग. रेनरने कळवले, की गोष्ट चांगली आहे, नकाशे असल्यामुळे चित्रांची गरज नाही आणि पाच ते नऊ वर्षांच्या सगळ्या मुलांना ती आवडेल. ती गोष्ट म्हणजे जे. आर. आर. टोल्किन यांची ‘द हॉबिट’.

अद्भुत कादंबरी छापली कशी जाते, याचा अभ्यास या अभिप्रायापासून सुरू करावा असे मला मनापासून वाटते. अशा कादंबरीत लेखक एक अख्खे जग रचतो. पण त्या जगावर विश्वास ठेवणारा दुसरा माणूस भेटेपर्यंत ते बाडातच बांधलेले राहते. टोल्किन यांचे बाड आधी एका माजी विद्यार्थिनीने वाचले. तिच्यामुळे ते रेनरच्या वडिलांच्या ‘ॲलन अँड अन्विन’मध्ये काम करणाऱ्या सुझन डॅग्नल यांच्या हाती पडले. त्यांनी अपुरी गोष्ट पुरी करण्याचा आग्रह धरला. २१ सप्टेंबर १९३७ रोजी १५०० प्रतींची आवृत्ती निघाली आणि डिसेंबरपर्यंत संपलीही.

पुढे रेनर त्याच संस्थेत रुजू झाला. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे अवाढव्य बाड त्याच्यापुढे आले तेव्हा महायुद्धानंतरची कागदाची महागाई होती. हजार पौंड बुडतील, असे त्याने वडिलांना कळवले, आणि तरीही पुस्तक छापायचे ठरवले. करारही त्या जोखमीला साजेसा झाला : आधी खर्च वसूल व्हायचा, मग नफा निम्मा निम्मा. तीन खंड १९५४-५५ मध्ये आले.

आज इंग्लंडात बहुतेक मोठ्या प्रकाशकांची वाट साहित्यिक एजंटाकडून जाते. त्याला परिचयपत्र, कथासार आणि सुरुवातीची काही प्रकरणे पाठवायची. जे. के. रोलिंग यांची पहिली कादंबरी अशीच एजंटामार्फत गेली आणि अनेक ठिकाणी नाकारली गेली. ‘ब्लूम्सबरी’ या प्रकाशनसंस्थेच्या प्रमुखांच्या आठ वर्षांच्या मुलीने सुरुवातीची पाने वाचून पुढची मागितली, तेव्हा दार उघडले. मराठीत एजंटाची पायरी बहुधा नसते. लेखक बाड घेऊन थेट प्रकाशकाकडे जातो. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’पासून, म्हणजे १८६१ पासून, अद्भुताची गोडी असलेल्या आपल्या भाषेत बाड पहिल्यांदा कोणी वाचले, याच्या नोंदी अजून जमवायच्या आहेत.

या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या अभ्यासकाचे स्वागत. कादंबऱ्यांइतक्याच आस्थेने करार, पत्रे आणि अभिप्राय वाचा. आणि जो स्वतः कादंबरी लिहितो आहे त्याला एवढेच सांगणे : नकार आला तर तो एका वाचकाचा आहे. बाड पुढच्या वाचकाकडे जाऊ द्या.