खाजणं, मानस आणि मगर

गोव्यात मांडवी आणि जुवारी या नद्यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्याची लांबी सुमारे १५ किलोमीटर. त्याच्या काठची खाजणं म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी जमीन बांध घालून गावकऱ्यांनी लागवडीखाली आणलेली. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीची ही व्यवस्था.

तिची सगळी मदार मानशीवर, म्हणजे बांधातल्या लाकडी दारांवर. भरतीचं पाणी रेटा देतं तेव्हा ती आपोआप मिटतात; ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. पावसाळ्यात आत कोरगूट हे खार सोसणारं भात, नंतर मासळी.

कालव्यात मगरी आजही आहेत. भोम, दुर्भाट भागात पौष अमावस्येला चिखलाची मगर घडवून, तिच्या अंगात शिंपले रोवून पूजा करतात. हीच ‘मांगे थापणी’. बांधावर राबणाऱ्यांनी मगरीला शत्रू मानलं नाही, हे मुद्दाम सांगायला हवं.

१९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची देखभाल ‘गावकरी’ या ग्रामसंस्थेकडून कूळ संघांकडे गेली. मासळीच्या लिलावात पैसा अधिक, म्हणून कित्येक ठिकाणी मानशी अवेळी उघड्या ठेवल्या जाऊ लागल्या. खारं पाणी शिरून भात गेलं आणि पडीक खाजणांत तिवरं माजली. ही हानी टाळता आली असती.