कोयता मजुराचा, बैलही मजुराचाच

दसरा-दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणारी माणसे कारखान्यावर रिकाम्या हाताने जात नाहीत. कोयता त्यांचा, दोर त्यांचा. गाडीवान असेल तर बैलजोडीही त्याचीच. या धंद्याचा इतिहास सहसा दुष्काळ, मुकादम (टोळी जमवणारा) आणि उचल (हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम) या तीन शब्दांत सांगितला जातो. तो अवजाराच्या बाजूने वाचला तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. परमुलखात काम करायला जे साधन लागते त्याचा भार पहिल्यापासून मजुराच्या अंगावर राहिला, आणि उचलीच्या फेऱ्याची एक मुळी तिथेच रुजली.

बालाघाटाच्या अंगाखांद्यावरची आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर ही पट्टी कमी पावसाची आणि हलक्या जमिनीची. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. शेजारच्या नगर जिल्ह्यात मात्र कालव्यांवर ऊस उभा राहिला, आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीला सहकारी साखर कारखाना निघाला. पुढे सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर असे कारखाने वाढत गेले. गाळपाच्या यंत्रांसाठी सभासदांचे भाग होते, सरकारी भांडवल होते, कर्जाला हमी होती. तोडणी आणि वाहतुकीचे काम मात्र पाच-सहा महिन्यांचे. त्यासाठी कायमची साधने बाळगणे कारखान्याला परवडणारे नव्हते. खरीप निघाल्यावर बालाघाटावरच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे बैल दावणीला उभेच असत. त्यामुळे कारखान्याला माणसासोबत त्याचे वाहनही आयते मिळाले. 1972 च्या दुष्काळानंतर तर ही वाट अधिकच रुळली.

साधनावरून मजुराची पायरी ठरली, हे धंद्याच्या बोलीतच दिसते. ज्याची स्वतःची बैलगाडी तो गाडी सेंटरवर. ज्याचे बैल स्वतःचे पण रबरी चाकांची गाडी कारखान्याची, तो टायर सेंटरवर, आणि त्या गाडीचे भाडे त्याच्याच हिशेबातून वळते होणार. ज्याच्याकडे कोयत्याखेरीज काही नाही तो डोकी सेंटरवर. तो मोळ्या डोक्यावर वाहून ट्रक-ट्रॅक्टर भरतो. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, एकटा माणूस ‘अर्धा कोयता’. हिशेबात अवजाराचे नाव माणसाला चिकटले, पण अवजाराची किंमत त्या हिशेबात वेगळी कधी धरली गेली नाही.

यावर कोणी म्हणेल की गवंडी थापी घेऊन येतो, सुतार रंधा घेऊन येतो. मग ऊसतोड्यानेच बैल आणले तर बिघडले कुठे? कोयत्यापुरते हे म्हणणे खरे आहे. पण बैलजोडी म्हणजे थापी नव्हे. आज तिची किंमत लाखाच्या घरात जाते, तिला रोज वैरण लागते, आणि बैल लंगडला की फेरी बुडते. उचलीचा आकडा मात्र हलत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. गाडीवानाला तोडणीबरोबर वाहतुकीचेही पैसे मिळतात, उसाचे वाढे जनावरांना घालता येतात किंवा विकता येतात, आणि उचल नसती तर बँकेने दारात उभे न केलेल्या माणसाने बैल घेतलेच नसते. हे सारे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. मिळकत वाढते ती पहाटे फडात आणि रात्री कारखान्याच्या गव्हाणीपुढच्या रांगेत उभे राहून. शिवाय साधनाची सगळी जोखीम एकट्याची. आणि उचल बैलासाठी घेतली की फिटेपर्यंत दर ठरवताना मजुराचा हात दगडाखालीच राहतो. याला निव्वळ पतपुरवठा म्हणता येत नाही.

हार्वेस्टर आला की हा प्रश्नच मिटेल, असेही बोलले जाते. यंत्राला रुंद सरी लागते, लहान आणि ओल्या फडात ते अडते, त्यामुळे कोयता लगेच म्यान होणार नाही. पण यंत्राच्या निमित्ताने धोरणाचा कल उघड झाला. 2023 मध्ये राज्याने ऊस तोडणी यंत्रासाठी किमतीच्या 40 टक्के किंवा 35 लाख रुपये, यांत जे कमी असेल तितके अनुदान ठरवले. शेतकरी, उद्योजक, कारखाने, शेतकरी उत्पादक संस्था पात्र ठरल्या. सुमारे कोटीभराच्या यंत्रात वैयक्तिक खरेदीदाराने किमान 20 टक्के स्वतःचे घालायचे, म्हणजे वीस लाख. उचल फेडणारा कोयता हे कुठून आणणार? मजुराचे अवजार कर्जावर चालत होते तोवर सरकारला त्यासाठी अनुदान सुचले नाही. अवजार त्याच्या हातातून जाऊ लागले तेव्हा ते सुचले. यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र त्या अनुदानात ऊसतोड टोळ्यांच्या संस्थांसाठी राखीव वाटा ठेवला पाहिजे आणि त्यांना स्वभांडवलाची अट माफ केली पाहिजे.